आठ ज्योती एका ओळीत

२९ मार्च २०२३. महिना संपायच्या आधीच चंद्रपूरचं ऊन टाळू तापवू लागलंय आणि तुम्ही बल्लारपूरहून निघालेल्या सागवानाच्या मिरवणुकीत घामाघूम होऊन चालताय. ट्रकवर हारांनी मढवलेलं लाकूड आहे. आलापल्लीच्या आणि चंद्रपूरच्या जंगलातला हा साग अयोध्येला जायचाय, राममंदिराच्या दारांसाठी. लोक फुलं उधळताहेत, आरत्या ओवाळताहेत. काष्ठपूजन म्हणतात याला. तुम्ही सागाच्या मुलखातले. लाकूड दिसलं की अंगठा फिरवून रेषा बघायची तुमची खोड. आज मात्र हात पुढे जात नाही. या लाकडाला अजून ना रंधा लागला ना पटाशी, दार व्हायला तर कितीतरी अवकाश आहे. तरी काल आगारात घनफुटावर मोजलेला माल आज देवाचा झालाय.

वस्तू देवाची होते ती नेमकी कोणत्या घटकेला? याच महाराष्ट्रात या प्रश्नाला निराळं उत्तर देणारी माणसं आहेत आणि तीही मराठीतच देणारी. चंद्रपुरात किंवा गडचिरोलीत ती भेटायची नाहीत. राज्य आडवं कापून समुद्रापर्यंत जावं लागेल आणि शतकंही मागे टाकावी लागतील. चला.

अलिबागजवळचं नवगाव. अठरावं शतक, शुक्रवारची संध्याकाळ. तेल्याच्या अंगणात घाणा थांबलाय, बैल सोडलाय, पेंडीचा वास अजून हवेत आहे. "काहून जी, दिवस बुडायच्या आतच काम बंद?" तुम्ही विचारता. झाडीपट्टीची बोली ऐकून घरधनी हसतो. "उद्या शनवार नाय का?" गाव त्यांना शनवार तेली म्हणतं. हे कोकणातले ज्यू, स्वतःला बेने इस्रायल म्हणवतात. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या, त्यांचे आम्ही वंशज, असं तो सांगतो आणि पूर्वजांना पुरलं ती जागा हाताने दाखवतो.

तुम्ही घरात शिरून धार्मिक वस्तू शोधू लागता. देव्हारा नाही, मूर्ती नाही. ते अपेक्षितच होतं. पण पोथीही नाही. हिब्रू अक्षर ओळखणारं घरात कुणी नाही. सात फांद्यांचा दीप नाही, सहा कोनांचा तारा नाही. उरलंय ते इतकंच: शनिवारची सुट्टी, मुलाची आठव्या दिवशीची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे, आणि 'शमा' ही एक प्रार्थना, सुखदुःखाच्या प्रत्येक प्रसंगी तीच. हनुक्का हा दिव्यांचा सण त्यांना माहीतच नाही. त्या सणामागची घटना इसवीसनपूर्व १६४ ची, आपले लोक त्याआधीच निघाले होते, असं पुढे समाजात सांगू लागले. बाकी सणांना त्यांनी घरची नावं दिलीत: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. शेवटच्यात वालाचं बिरडं शिजतं आणि शोक जेरुसलेमच्या पाडलेल्या मंदिराचा असतो. संग्रहालयवाला या घरात आला तर काचेच्या पेटीत ठेवण्याजोगं त्याला काहीच सापडणार नाही. मला हे घर म्हणूनच फार महत्त्वाचं वाटतं. इथे धर्म पंचांगात आणि चुलीपाशी राहतो, वस्तूंची त्याला अजून गरज पडलेली नाही.

१७९६. मुंबई, मांडवी. कंपनी सरकारच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर, हिब्रूत सॅम्युएल इझिकिएल, यांनी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, बांधलंय. टिपू सुलतानाच्या कैदेतून जीव वाचला, त्याचा हा नवस, असं सांगतात. नाव 'शआर हारहमीम', दयेचं दार. लोक मात्र साधं 'मशीद' म्हणतात आणि जवळच्या मस्जिद स्टेशनाला पुढे याच मशिदीवरून नाव पडलं असं मानलं जातं. तुमचा अंगठा सवयीने सागाच्या चौकटीवर जातो, आणि कुणी हटकत नाही. चौकट म्हणजे चौकट. दिवेकर लवकरच तोरा आणायला कोचीनला जातील आणि तिथेच वारतील, हे तुम्हाला माहीत आहे, इथे अजून कुणाला नाही.

तोरा म्हणजे कातड्यावर हाताने लिहिलेली मोशेच्या पाच पुस्तकांची गुंडाळी. बाकी सगळ्याची पत तिच्यापासूनच्या अंतरावर ठरते. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मसंहितेत याचा अगदी व्यापारी हिशेब मांडलाय: गावचा चौक विकला तर त्या पैशातून सिनेगॉग घ्यावं, सिनेगॉग विकलं तर तोरा ठेवायची पेटी, पेटी विकली तर वेष्टनं, वेष्टनं विकली तर ग्रंथ, ग्रंथ विकले तर तोरा. उलट्या दिशेने सौदा चालत नाही. जुनी झालेली गुंडाळी, तिचं आवरण, दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाची, म्हणजे तोरेतल्या ओळींच्या चिठ्ठीची, डबी, ही अक्षरांना चिकटून राहिलेली म्हणून जपून ठेवायची किंवा पुरायची. मांडवाच्या सणातल्या खजुराच्या झावळ्यांचं काम झालं की त्या टाकल्या तरी हरकत नाही, फक्त अवमान करू नये. बल्लारपुरात पडलेल्या प्रश्नाचं हे इथलं उत्तर. लाकूड मुळात लाकूडच असतं, अक्षर शेजारी आलं की त्याचा दर्जा वाढतो. साग कोणत्या वनातला, कुणी तोडला, याला काही महत्त्व नाही.

याचा एक परिणाम फार कमी लोकांच्या ध्यानात येतो. पावित्र्य अक्षरात असल्यामुळे वस्तूचा आकार मोकळा राहिला. तो ठरवायचं काम जवळच्या बाजारातल्या कारागिरावर आलं, आणि तो कारागीर ज्यू असायलाच हवा असंही नव्हतं.

म्हणून आता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या, पायधुणीजवळच्या तांबाकाट्यावर. ठोक्यांनी कान किटतात. कोचीनच्या शिक्षकांकडून आणि बगदादहून आलेल्या ज्यूंच्या सहवासातून बेने इस्रायलांना हनुक्का कळलाय आणि एक गिऱ्हाईक तांबटासमोर उभं आहे.

"दिवा हवा. आठ ज्योतींचा. भिंतीला टांगायचा."

"समई देतो की, पाच वातींची, सुबक."

"आठच. आणि एका ओळीत. एक वर, एक खाली नको."

"मग मधे शोभेला काय घालू?"

"काहीही घाला. नववा दिवा मात्र वेगळा दिसू द्या, वरच्या अंगाला. त्याने बाकीचे लावायचे."

यामागची अट तांबटाला कुणी सांगत नाही, तुम्ही ऐकून ठेवा. हनुक्काच्या ज्योती नुसत्या बघायच्या असतात, त्यांच्या उजेडात काम करायचं नाही. म्हणून कामाचा दिवा निराळा. प्रत्येक ज्योत सुटी दिसली पाहिजे. एका वाडग्यात तेल घालून कडेने वाती लावल्या तर ती मशाल झाली, मोजणीत धरत नाहीत. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असं आठव्या रात्रीपर्यंत. रस्त्यावरून जाणाऱ्याला आज कितवी रात्र ते कळलं पाहिजे. नियम एवढाच. पितळ की चांदी, मागे सिंह की मोर, यावर धर्म गप्प आहे.

तांबट पत्रा घेतो. कर्कटकाने वर्तुळ आखतो, तेवढ्याच अंतराने परिघावर सहा खुणा करतो, एकाआड एक जोडतो. षट्कोण. देवीच्या यंत्रांवर त्याने तो कितीदा कोरलाय. गिऱ्हाईक खूश होतं, कारण त्याच्या लेखी ही दाविदाची ढाल. खरं तर ज्यूंची सर्वमान्य खूण म्हणून हा तारा जगभर नुकताच रुजू लागलाय, जुनी खूण सात फांद्यांचा मेनोरा, जो रोममधल्या टायटसच्या कमानीवर पहिल्या शतकात कोरलेला आहे. पण इथे वाद कोण घालणार? मोबदला ठरतो. पत्र्याखाली आठ कड्या बसतात, कड्यांत काचेचे पेले, पेल्यात निम्मं पाणी, वर खोबरेल तेल, तेलावर तरंगती वात. उद्या एखादा तज्ज्ञ या दिव्याखाली 'पारंपरिक' अशी पाटी लावेल. आज तो अगदी नव्या चालीचा आहे. गिऱ्हाइकाच्या आजोबांना असली वस्तू कशासाठी असते तेही सांगता आलं नसतं.

पलीकडे सोनाराकडे तोरेचं चांदीचं घर तयार होतंय. युरोपातले ज्यू तोरेला मखमलीचं आवरण घालतात आणि वाचताना ती आडवी पसरतात. बगदादी चालीत ती लाकडाच्या किंवा धातूच्या नळकांड्यात उभी असते. नळकांडं दोन पाखांसारखं उघडतं आणि उभ्या-उभ्याच वाचन होतं. टोकांवर डाळिंबं बसवायची आणि डाळिंबांना घुंगरू. तोरेतल्याच वर्णनाप्रमाणे मुख्य याजकाच्या झग्याच्या घोळाला डाळिंबं आणि सोन्याच्या घंट्या होत्या, त्याची ही आठवण. सोनाराला डाळिंब शिकवावं लागत नाही. तो विचारतो ते फक्त घुंगरांचं वजन. तोरा पेटीतून निघाली की सगळं सिनेगॉग त्या आवाजाने उभं राहतं, हे तुम्ही पुढच्या शनिवारी पाहाल.

१८७४. पुणे. शिळाछापखान्यात शिरताना वाकावं लागतं. बव्हेरियातल्या चुनखडीच्या जाड शिळा, शाई, एरंडेलाचा वास. इथे हगादा छापली जातेय, वल्हांडणाच्या रात्री घरोघरी वाचायची मिसरातून सुटकेची पोथी. मराठीसह हगादा मुंबईत १८४६ मध्येच शिळेवर छापून झाली होती, पण तुम्हाला पुण्याची बघायचीय ती चित्रांसाठी. लेखनिकाची गंमत बघा. एकाच पानावर हिब्रू उजवीकडून निघते, मराठी डावीकडून, आणि दोघी मध्ये कुठेतरी समोरासमोर येतात. खिळ्यांच्या छपाईत हा जुळणाऱ्याच्या जिवाला घोर असता. शिळेवर सगळं हाताने लिहायचं, त्यामुळे बोरू वळेल तशी ओळ वळते.

पुस्तकातली बरीच चित्रं युरोपातल्या जुन्या छापील हगादांवरून उतरवलेली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १६९५ साली निघालेल्या हगादेची तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं शतकानुशतकं नक्कल होत जगभर फिरली, त्या वंशातली ही. माणसं परकी, घरं परकी. पण सुरुवातीचं पान उलटा आणि थांबा. लुगडी नेसलेल्या, मागे अंबाडा घातलेल्या बायका बिनखमिराची भाकरी करताहेत. भुईवर बसून. दळण आहे, मळणं आहे, भाजणं आहे. ओटा नाही, टेबल नाही. चित्रकाराने मिसरातल्या इस्रायली बायका कल्पनेने काढल्या नाहीत, शेजारणीला बघून काढल्या. बाकीची चित्रं कसबाची असतील. माझ्या मते सगळ्या पुस्तकात जिवंत पान हेच. सुटकेची गोष्ट तीन हजार वर्षांपूर्वीची आणि पीठ आजच्या जात्यातलं. या पोथीचं काम तेच आहे, मिसरातून आपणच बाहेर पडलो असं प्रत्येकाने त्या रात्री मानायचं असतं.

शेजारच्या आळीत भिंतींना चुना लावलेला. वल्हांडणाला इथे जुनं नाव अनाशी ढाकाचा सण. दाराच्या वर पांढरा कागद डकवलाय आणि त्यावर लाल पंजा. कापलेल्या बकऱ्याच्या रक्तात तळवा बुडवून उमटवलेला. मिसरात दाराच्या चौकटींना कोकराचं रक्त फासलं होतं, ती खूण. कारागीर नाही, हत्यार नाही, घरातल्या माणसाचा हात हाच साचा. पाची बोटं अशी ठळक की उद्याचा कुठलाही ग्राफिक डिझायनर हेवा करील. घराघरावर निराळा पंजा, जाड, बारीक, एखाद्याची करंगळी वाकडी.

फ्रँकफर्ट, १९३०. इथे फार वेळ काढायला नको, पण वाटेत डोकावा. लुडविग वोल्पर्ट नावाचा तरुण धातुकार वल्हांडणाचं तबक करतोय. चांदी, अबनूस आणि काच. पाना-फुलांची नक्षी नाही, सिंह नाहीत, मुकुट नाही. तीन भाकऱ्यांसाठी तीन मजले, भिंती काचेच्या, आतली भाकरी उघडी दिसावी म्हणून. बाऊहाउस या जर्मन कलाशाळेची हवा आहे ती: वस्तूचं काम हेच तिचं रूप. जुन्या मंडळींना वाटलं असेल, हे काय, प्रयोगशाळेतलं भांडं! तुम्ही मात्र नवगावचं घर बघून आलाय, पायधुणीचा दिवा बघून आलाय. भाकरी तीन, मांडणी विधीची, बाकी कारागिराच्या मर्जीवर. तांबटाशी झालेला करार इथे जसाच्या तसा आहे. वोल्पर्टला पुढे जर्मनी सोडावी लागली. जेरुसलेमच्या बेझालेल कलाशाळेत त्याने शिकवलं आणि १९५६ पासून न्यूयॉर्कच्या ज्यू संग्रहालयातल्या कार्यशाळेत काम केलं. नक्षीच्या जागी त्याने हिब्रू अक्षरंच धातूतून कापून उभी केली. पूर्वी अक्षर आत असायचं आणि वेष्टन बाहेर. त्याने अक्षराचंच वेष्टन केलं.

एक मोठा फरक मात्र पडला. तांबाकाट्यावर दिवा घडवणारा एक, लावणारा दुसरा. आता वस्तू देवाची कधी होते हा प्रश्न घडवणाऱ्याच्याच मनात शिरला.

१९९६. लंडन, सेंट जॉन्स वुड. लिबरल ज्यूइश सिनेगॉगमध्ये एक उभा दगड, आयर्लंडमधल्या किलकेनीचा काळसर चुनखडक. त्यात खोल पोकळी, आतून घोटून गुळगुळीत. नाझींनी मारलेल्यांचं स्मारक. तारा नाही, दीप नाही, एकही अक्षर मोठं करून लिहिलेलं नाही. हे अनिश कपूरचं काम. जन्म मुंबईचा, १९५४ चा; आई बगदादी ज्यू घराण्यातली आणि आईचे वडील पुण्याच्या सिनेगॉगात प्रार्थना गाणारे. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर दोन खुणा आहेत, एलियाहू हनाबी या प्रेषिताचा रथ तिथे टेकला असं बेने इस्रायल मानतात आणि नवस फेडायला जातात. त्या खडकाला कुणी घडवलेलं नाही, या दगडाला फार घडवलंय. दोन्हीपुढे माणूस उभा राहतो तो मात्र एकाच कारणाने, तिथे काहीतरी येऊन गेलंय म्हणून.

न्यू जर्सीत सिओना बेंजामिनचा स्टुडिओ याच्या दुसऱ्या टोकाला. इथे काही गाळलेलं नाही, सगळं ओतलंय. मुंबईत वाढलेली, जे.जे.मध्ये शिकलेली ही बेने इस्रायल चित्रकार. तिच्या 'फाइंडिंग होम' मालिकेत निळ्या कांतीची बाई पुन्हा पुन्हा येते. एका चित्रात तिचे अनेक हात दोन्ही बाजूंनी वर वळून मेनोऱ्याच्या फांद्या होतात. देवीचे हात आणि मंदिरातला दीप, एकाच देहात. मेनोऱ्याचं मूळ वर्णन तोरेत सविस्तर आहे: सोन्याच्या एकाच लगडीतून ठोकून काढलेला, जोड नसलेला, बदामाच्या फुलांसारख्या वाट्यांचा. एकाच लगडीतून काढायची ती अट सिओनाने शब्दशः पाळली असं मला वाटतं, फक्त धातू बदलला. काहींना हे चित्र जड जाईल, मूर्तीचा वास येईल. येऊ दे. ती मुंबईतल्या ज्या शेजारात वाढली तिथे देवीच्या चित्राशिवाय कॅलेंडर नव्हतं, आणि बेने इस्रायलांच्या स्वतःच्या दिवाणखान्यातही एक छापील चित्र असायचंच: अग्निरथात बसून वर जाणारा एलियाहू हनाबी.

त्याच चित्राखाली शेवटचा मुक्काम. इस्रायलमधलं लोद, हिवाळा सरत आलेला, झाडांच्या नववर्षाचा सण तू बिश्वात. १९४८ नंतर कोकणातून आणि मुंबईतून हजारो बेने इस्रायल इकडे आले. खोलीत मराठी आणि हिब्रू एकमेकींच्या अंगावरून चालताहेत. टेबलावर मलिद्याचं ताट: भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, बेदाणे, यांचा ढीग आणि भोवती फळं. ताट सजवल्यासारखं दिसतं, पण नीट बघा. धान्याची दुआ निराळी, झाडाच्या फळाची निराळी, भुईतून आलेल्याची निराळी, सुगंधाची निराळी. प्रत्येक दुआ म्हणायला तिचा पदार्थ समोर हवा. केळं इथे झाडाचं फळ धरत नाहीत, कारण केळीचा खुंट दरवर्षी मरतो. ते भुईच्या बाजूला. वासासाठी सब्जाची काडी किंवा गुलाब.

नातीने ताटाची नवी रचना केलीय. पोह्यांचा ढीग मोडून काचेच्या छोट्या वाट्या केल्यात आणि सफरचंदाच्या जागी स्ट्रॉबेरी ठेवलीय, रंग चांगला दिसतो म्हणून. मुलगा म्हणतो, अलिबागला असलं नव्हतं. सून म्हणते, स्ट्रॉबेरी झाडाची की भुईची, आधी ते ठरवा. ती भुईचीच, नातीने आधीच फोनवर बघून ठेवलंय. तुमच्याकडेही एक वाटी सरकवली जाते आणि तुम्ही घेऊ की नको अशा घोळात असता. आजी चष्मा वर करून ताटावरून बोट फिरवते. "झाडाचं कोणतं? खजूर. भुईचं केळं आहे. पोहे आहेत. वासाला?" सब्जा स्वयंपाकघरात राहिलाय. "तो आणा आधी. वाट्या असू देत, धुवायला तिलाच लावू."